विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी नागरिकाने बंदूक बाळगावी का? आयडा बी. वेल्स यांचे आयुष्य काय सांगते?

अमेरिकेत सामूहिक गोळीबाराची घटना घडली की सामान्य नागरिकाच्या हाती बंदूक असावी की नसावी, हा वाद नव्याने पेटतो. बंदुकीच्या बाजूने बोलणारे त्यात अनेकदा एक नाव पुढे करतात. ते नाव म्हणजे आयडा बी. वेल्स. १८९२ मध्ये या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने प्रत्येक कृष्णवर्णीय घरात रायफलीला मानाचे स्थान असावे, असे लिहिले होते आणि त्या स्वतःही पिस्तूल बाळगत होत्या. मात्र त्यांच्या ६८ वर्षांच्या आयुष्याचा पट पाहिला, तर या वादाचे उत्तर वाटते तितके सरळ राहत नाही.

आयडा वेल्स कोण होत्या?

आयडा वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. युद्ध संपून गुलामगिरी गेल्यानंतर सुतारकाम करणारे वडील स्थानिक राजकारणात आणि कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या कामात उतरले. १८७८ मध्ये पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि तान्हा भाऊ असे तिघे दगावले. १६ वर्षांच्या आयडा यांनी भावंडांची ताटातूट होऊ दिली नाही. वय वाढवून सांगून शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर चालवले. पुढे त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस या शहरात आल्या.

तेथे शिक्षिका असतानाच त्यांचा रेल्वे कंपनीशी खटका उडाला. महिलांच्या डब्याचे तिकीट असूनही त्यांना उठवून दुसऱ्या डब्यात जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, तेव्हा बळाचा वापर करून बाहेर काढण्यात आले. झटापटीत त्या कंडक्टरच्या हाताला कडकडून चावल्या आणि नंतर न्यायालयात गेल्या. १८८४ मध्ये खालच्या न्यायालयाने ५०० डॉलरची भरपाई मंजूर केली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खटल्याचा खर्चही त्यांच्याच माथी मारला. कायदा आपल्या बाजूचा आहे या विश्वासाला बसलेला हा पहिला मोठा तडा होता. १८८९ मध्ये त्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर लिहिल्यामुळे १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली आणि पत्रकारिता हाच पूर्णवेळचा व्यवसाय झाला.

शस्त्र बाळगण्याचा हक्क तेव्हा कुणाला होता?

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ मध्ये जनतेचा शस्त्रे बाळगण्याचा हक्क मान्य केला. भारतात बंदूक ही परवान्याची बाब आहे; तिकडे ती हक्काची भाषा आहे. पण हा हक्क सर्वांचा कधीच नव्हता. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. ते नागरिक मानले तर त्यांना कुठेही शस्त्र घेऊन फिरण्याचा हक्क द्यावा लागेल, ही भीती त्या निकालातच नोंदवलेली आहे.

गुलामगिरी संपताच १८६५ मध्ये मिसिसिपीने कायदा केला. लष्करात नसलेल्या कृष्णवर्णीयाने स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगणे त्यामुळे गुन्हा ठरले. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण देऊ केले खरे. मात्र १८७६ च्या क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी दुरुस्ती केवळ केंद्रीय सत्तेला बांधते, असे ठरवले. खासगी टोळ्यांनी कृष्णवर्णीयांची शस्त्रे हिसकावली, तर केंद्राकडे दाद मागण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. राज्य सरकारे, पोलीस आणि ज्युरी गौरवर्णीयांच्या हाती होत्या. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातली असुरक्षितता यांच्यातील ही दरी समजली नाही, तर वेल्स यांची भूमिकाही समजणार नाही.

मेम्फिसमध्ये नेमके काय घडले?

मेम्फिसच्या वेशीबाहेर ‘द कर्व्ह’ नावाच्या वस्तीत थॉमस मॉस या पोस्टमनने काही जणांना सोबत घेऊन ‘पीपल्स ग्रोसरी’ हे सहकारी तत्त्वावरील किराणा दुकान सुरू केले होते. मॉस हे वेल्स यांचे निकटचे मित्र, तर त्यांची मुलगी वेल्स यांची धर्मकन्या. वस्तीत आधीपासून दुकान असलेल्या एका गौरवर्णीय दुकानदाराची गिऱ्हाइके या नव्या दुकानाकडे वळली आणि त्याचा डूख तयार झाला.

मार्च १८९२ च्या सुरुवातीला गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या भांडणाचे निमित्त झाले. मोठी माणसे त्यात पडली, हाणामारी झाली, वॉरंट निघाले. दुकानावर हल्ला होणार असल्याची कुणकुण लागल्यावर मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलाचा सल्ला घेतला. वस्ती शहराच्या हद्दीबाहेर असल्याने पोलीस संरक्षण मिळणार नाही, हल्ला झाला तर स्वतःचे रक्षण करणे कायद्याला धरून होईल, असा तो सल्ला होता. त्यानुसार दुकानाच्या मागच्या बाजूला हत्यारबंद पहारा बसला. ५ मार्चच्या रात्री काही सशस्त्र गौरवर्णीय मागच्या दाराने आले. आतून गोळ्या सुटल्या आणि तिघे जखमी झाले. आलेली माणसे साध्या वेशातील शेरीफचे सहायक होती, असे नंतर सांगण्यात आले. शेरीफ म्हणजे तेथील काउंटीचा कायदा-सुव्यवस्था सांभाळणारा प्रमुख. दुकानातल्यांच्या दृष्टीने मात्र ती अंधारात चालून आलेली टोळी होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीत धरपकड झाली. मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट हे तिघेही कोठडीत गेले. कृष्णवर्णीयांच्या स्थानिक सशस्त्र पथकातील माणसांनी दोन रात्री तुरुंगाबाहेर पहारा दिला. जखमींच्या जिवाचा धोका टळल्याचे वृत्तपत्रांत छापून आले, तेव्हा प्रकरण निवळले असे समजून तिसऱ्या रात्री पहारा उठला. त्याच रात्री, ९ मार्चच्या पहाटे, तोंडे झाकलेल्या जमावाने तिघांना तुरुंगातून बाहेर काढले, शहराबाहेर रेल्वेच्या आवारात नेले आणि गोळ्या घालून ठार केले. तुरुंगाचे दार फोडावे लागले नाही. या हत्यांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

याच दिवसांत न्यायालयाच्या आदेशाने कृष्णवर्णीय पथकाची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि कृष्णवर्णीयांना बंदुका विकण्यास मनाई झाली. दुकान जमावाने लुटले आणि उरलासुरला माल धनकोंनी लिलावात काढला. गौरवर्णीय दुकानदाराची स्पर्धा संपली.

वेल्स यांनी पिस्तूल का घेतले?

हत्या झाल्या तेव्हा वेल्स दौऱ्यावर होत्या. परतल्यावर त्यांनी लेखणी चालवली आणि सोबत पिस्तूलही विकत घेतले. आपल्यावर हल्ला झाला तर निदान प्रतिकार करून मरावे, असा त्यांचा हिशेब होता. तो समजण्यास सोपा आहे. ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच हल्लेखोरांना सामील होते.

पण शहरातल्या लोकांना त्यांनी बंदुका घेऊन रस्त्यावर उतरा, असे सांगितले नाही. मेम्फिस सोडून जा, असे सांगितले. मॉस यांनी मरण्यापूर्वी आपल्या लोकांना पश्चिमेकडे जाण्याचा निरोप दिल्याची वार्ता पसरली होती. हजारो लोक ओक्लाहोमाकडे निघाले. वेल्स स्वतः तेथे जाऊन आल्या आणि त्यांनी तिथली खरी परिस्थिती छापली. जे मागे राहिले, त्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. काही आठवड्यांतच ट्राम कंपनीचे अधिकारी प्रवासी का घटले, हे विचारत वेल्स यांच्या कार्यालयात आले. मोलकरणी मिळेनाशा झाल्या, दुकानांचा धंदा बसला. गोळी न झाडता शहराच्या खिशाला झळ पोहोचली.

२१ मे १८९२ च्या अंकात त्यांनी त्याहून स्फोटक मुद्दा मांडला. झुंडबळींचे समर्थन करताना गौरवर्णीय स्त्रियांवरील अत्याचाराचे जे कारण नेहमी दिले जाते, ते अनेकदा खोटे असते, असे त्यांनी लिहिले. शहरातील गौरवर्णीय वृत्तपत्रांनी उघड धमक्या दिल्या. २७ मे रोजी जमावाने ‘फ्री स्पीच’चे कार्यालय उद्ध्वस्त केले. वेल्स तेव्हा शहराबाहेर होत्या. परत आलात तर जीव जाईल, असे निरोप पोहोचले. पिस्तूल जवळ होते, पण त्या परत गेल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये राहून त्यांनी लिहिणे सुरू ठेवले. तीन दशके त्यांनी दक्षिणेकडे प्रत्यक्ष राहून काम केले नाही.

रायफलीबाबत त्यांची भूमिका नेमकी काय होती?

१८९२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सदर्न हॉरर्स’ ही त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. रायफलीबाबतचे विधान त्यातलेच. त्या वर्षी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल आणि केंटकीतील पदुका येथे कृष्णवर्णीय पुरुष हत्यारांसह सज्ज राहिल्याने संभाव्य झुंडबळी टळले होते. या उदाहरणांवरून वेल्स यांनी निष्कर्ष काढला, की कायदा संरक्षण देत नसेल तेथे रायफल ते काम करू शकते. हल्लेखोरालाही आपला जीव जाण्याची भीती वाटली, तर तो दुसऱ्याच्या जिवाची किंमत ओळखेल, असा त्यामागचा तर्क होता.

हे विधान वेगळे काढून वाचले, तर वेल्स आजच्या बंदूक समर्थकांच्या पूर्वसुरी वाटतात. पण ते ज्या प्रकरणात येते, तेथे इतरही उपाय आहेत. संघटित बहिष्कार, स्थलांतर आणि वृत्तपत्रांतून सत्य बाहेर काढणे हे त्यांतले प्रमुख. रायफल हा त्या यादीतील एक उपाय आहे आणि तोही कायद्याच्या अनुपस्थितीशी जोडलेला आहे. रायफल असावी, कारण शेरीफ आपला नाही, असा तो युक्तिवाद आहे. शेरीफ असला तरी रायफल हवीच, असे त्या म्हणत नव्हत्या.

आकडेवारी हे त्यांचे मोठे शस्त्र कसे ठरले?

वेल्स यांनी आदल्या आठ वर्षांतील ७२८ झुंडबळींचा तपशील तपासला. त्यातील सुमारे एकतृतीयांश बळींवरच अत्याचाराचा आरोपही ठेवला गेला होता. आरोप सिद्ध होणे तर दूरच. १८९५ मधील ‘अ रेड रेकॉर्ड’ या पुस्तिकेत त्यांनी १८९२ सालचा आकडा दिला. एका वर्षात २४१ झुंडबळी, त्यातील १६० कृष्णवर्णीय. ही मोजदाद त्यांची स्वतःची नव्हती. ‘शिकागो ट्रिब्यून’ या गौरवर्णीयांच्या वृत्तपत्राने प्रसिद्ध केलेले आकडेच त्यांनी जाणीवपूर्वक वापरले, म्हणजे ते खोटे ठरवण्याची सोय उरली नाही.

१८९३ आणि १८९४ मध्ये त्यांनी ब्रिटनचा दौरा केला. त्यांना बोलावण्यात पुढाकार होता कॅथरीन इंपी यांचा. इंपी यांच्या नियतकालिकाचे नाव ‘अँटी-कास्ट’ होते, म्हणजे वर्णभेदाला त्या जातिभेदाच्याच शब्दात ओळखत होत्या. दक्षिणेचा कापूस ब्रिटिश गिरण्यांत जात असल्याने तेथील लोकमताला अमेरिकेत वजन होते. लंडनमध्ये झुंडबळीविरोधी समिती स्थापन झाली आणि दक्षिणेतील राज्यांना प्रथमच परदेशात उत्तर द्यावे लागले.

केरो प्रकरण महत्त्वाचे का?

१८९५ मध्ये वेल्स यांनी शिकागोतील वकील आणि संपादक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह केला. चार मुलांचा संसार सांभाळत काम सुरू राहिले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकावरील केरो शहरात विल जेम्स या कृष्णवर्णीयाची जमावाने हत्या केली. इलिनॉयमध्ये १९०५ पासून एक कायदा होता. शेरीफच्या ताब्यातील कैदी जमावाने पळवून मारला, तर शेरीफचे पद आपोआप रिकामे होत असे. परत यायचे तर आपण पुरेसा प्रयत्न केला होता, हे त्याला गव्हर्नरपुढे सिद्ध करावे लागे.

पदच्युत शेरीफने तसा अर्ज केला. केरोतील अनेक कृष्णवर्णीयांनीही त्याच्या बाजूने सह्या दिल्या होत्या. वेल्स केरोला गेल्या, चौकशी केली, लोकांच्या सभा घेतल्या आणि राजधानी स्प्रिंगफील्डमध्ये सुनावणीला उभ्या राहिल्या. शेरीफने कैद्याच्या रक्षणासाठी पुरेशी माणसे नेमली नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले. गव्हर्नरने अर्ज फेटाळला. काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९१० मध्ये, त्याच केरोत जमाव पुन्हा तुरुंगावर चालून आला. या वेळी नव्या शेरीफच्या माणसांनी गोळीबार करून जमाव परतवला. कैदी वाचला.

वेल्स यांच्या साऱ्या आयुष्यात मेम्फिसच्या त्या रात्रीला याहून नेमके उत्तर सापडत नाही. केरोतही बंदूकच चालली. पण ती कायद्याच्या हातात होती आणि ती न चालवल्यास नोकरी जाईल, हे चालवणाऱ्याला ठाऊक होते.

बंदूक अपुरी कुठे पडली?

सशस्त्र स्वसंरक्षणाची मर्यादा १९१९ मध्ये आर्कान्सा राज्यातील एलेन येथे दिसली. बटईने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी योग्य भावासाठी संघटना बांधली होती. ३० सप्टेंबरच्या रात्री एका चर्चमध्ये त्यांची बैठक सुरू असताना बाहेर हत्यारबंद पहारा होता. तेथे गोळीबार झाला आणि एक गौरवर्णीय ठार झाला. पुढचे काही दिवस सशस्त्र टोळ्यांनी, आणि त्यांच्या जोडीला बोलावलेल्या लष्करानेही, परिसर पिंजून काढला. मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या शेकड्यांत असल्याचे अंदाज आहेत. फाशीची शिक्षा मात्र झाली ती १२ कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना.

वेल्स तुरुंगातील या १२ जणांना नातेवाईक असल्याचे भासवून भेटल्या आणि त्यांच्या हकिकतीवर १९२० मध्ये पुस्तिका काढली. दक्षिणेतून हद्दपार झाल्यानंतरची ही त्यांची धाडसी खेप होती. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जमावाच्या दबावाखाली चाललेला खटला हा न्याय्य खटला नव्हे, हे तत्त्व मान्य केले. पुढे सगळे १२ जण सुटले. पहारेकऱ्यांच्या बंदुकांनी त्या रात्री हल्ल्याला तोंड दिले, पण पुढचे हत्याकांड त्या रोखू शकल्या नाहीत. फास सोडवला तो न्यायालयाने.

आजच्या वादात त्यांचे आयुष्य कोणत्या बाजूचे?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरवला. २०१० मध्ये तो राज्यांनाही बंधनकारक केला. तो खटला वेल्स यांच्याच शिकागोतील एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय रहिवाशाने लढवला होता. २०२२ मध्ये घराबाहेर बंदूक बाळगण्यापर्यंत हा हक्क विस्तारला. समर्थकांचा युक्तिवाद वेल्स यांच्या अनुभवाशी जुळतो. सरकारने निवडक लोकांना निःशस्त्र केले, की ते लोक जमावाच्या तोंडी जातात.

विरोधकांचाही मुद्दा तितकाच ठाम आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक जीव गेले आणि त्यातील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. स्वसंरक्षणासाठी आणलेली बंदूक घरातल्याच माणसाचा घात करते, हे वेल्स यांच्या काळातील रायफलीच्या चर्चेत नव्हते. शिवाय स्वसंरक्षण कुणाचे मानायचे, हे शेवटी पोलीस आणि ज्युरी ठरवतात. पीपल्स ग्रोसरीतील माणसांनी वकिलाच्या सल्ल्याने कायदेशीर हक्क बजावला. तरी ते गुन्हेगार ठरले आणि त्यांना मारणारे मोकळे राहिले.

म्हणूनच वेल्स यांनी आयुष्याची सुमारे ४० वर्षे ज्या मागणीसाठी घालवली, ती बंदुकीची नव्हती. १८९८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका कृष्णवर्णीय पोस्टमास्तरची जमावाने हत्या केली, तेव्हा त्या व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटल्या आणि केंद्राने हस्तक्षेप करावा, असा आग्रह धरला. झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा पाहायला मात्र त्या राहिल्या नाहीत. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मुलीने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. २०२० मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

झुंडबळी हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला. घराबाहेर बंदूक बाळगण्याच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये. वेल्स यांनी आधी मागितला होता तो पहिला. तो त्यांच्या हयातीत मिळाला नाही, म्हणून पिस्तूल बाळगण्याची वेळ त्यांच्यावर आली. नागरिकाने बंदूक घ्यावी की नाही, याआधी त्याला ती का घ्यावीशी वाटते आणि त्याच्या हाकेला शेरीफ धावून येतो का, हे प्रश्न विचारावे लागतात. वेल्स यांच्या चरित्राने या वादाला दिलेला क्रम हा आहे.